पिसाचा गळ आणि पहिले शील



पातूरकडून घाट चढून वाशीमच्या रस्त्याला लागले की आमची मेडशी येते. शिवारात सोयाबीन, तूर, कपाशी आणि डोंगराला सागाचे जंगल. समुद्र येथून रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या आजी-आजोबांनी तो उभ्या जन्मात पाहिला नाही. अशा गावचे आम्ही, कचेरीत कारकुनी करणारे, रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेणारे. आणि आम्ही दर्यात होडीत बसून कोंबड्याच्या पिसाने मासे धरले असे सांगितले, तेव्हा गावातली मंडळी पोट धरून हसली. हसू द्या. परंतु त्या दिवशी होडीत आमच्या मुलीने एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नावरून आमच्या वर्गात आजही दोन तट आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. २० मार्चला आमच्याकडची काही कुटुंबे गाडी करून महाडला गेली होती. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे या साप्ताहिकाच्या वाचकाला आम्ही नव्याने काय सांगावे! दुसऱ्या दिवशी मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव पाहिले आणि तेथून दापोलीला आलो. बाबासाहेबांच्या लहानपणाची काही वर्षे दापोलीत गेली. आमचा भाचा तेथे एका बँकेत नोकरीला आहे. बाकीची मंडळी गाडीने परत फिरली. आम्ही, आमच्या पत्नी आणि आठवीत शिकणारी मुलगी असे तिघे भाच्याकडे दोन दिवस थांबलो.

रात्री जेवताना भाचा म्हणाला, "मामा, उद्या शुक्रवारची रजा टाकली आहे. हर्णैला माझ्या ओळखीचे एक तांडेल आहेत. त्यांच्या होडीतून तुम्हाला मासे धरायला नेतो. पण जाळे नाही, गांडूळ नाही. फ्लाय फिशिंग!"

आम्ही विचारले, "म्हणजे रे काय बाप्पा?"

त्याने खोलीतून एक लांब पिशवी आणली. तिच्यातून चार तुकड्यांची काठी काढून जोडली, ती नऊ फुटांची झाली. मग एक डबी उघडली. तीत गळांना पांढरी पिसे आणि चमकीचा दोरा बांधून केलेल्या चिमुकल्या मासोळ्या ओळीने टोचून ठेवल्या होत्या. आमच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, ही तर बाहुल्यांची दागिन्यांची पेटी दिसते!"

मासे धरणे आम्हाला अगदीच परके नव्हते. लहानपणी पावसाळा ओसरला की नाल्याच्या डोहात आम्ही बांबूची काडी, नायलॉनचा दोरा आणि ओल्या मातीतले गांडूळ घेऊन बसत असू. चार बोटांएवढी मासोळी लागली तरी घरी सण. आई तिखट-मीठ लावून तव्यावर टाकी आणि सात जणांत एकेक तुकडा वाटी. त्या मासोळीने आमच्या मनात कधी प्रश्न उभा केला नाही. पोटात भूक असली की प्रश्न थोडे मागे राहतात.

भाच्याच्या गळाचे शास्त्र मात्र वेगळे. साध्या गळाला शिसे बांधतात. त्या वजनाने तो लांब जाऊन पडतो. पिसाच्या गळाला वजनच नसते. वजन असते ते जाड, रंगीत दोरीत. काठीने ती दोरी मागे फेकायची, मागे पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग पुढे सोडायची. दोरी उलगडत जाते, तिच्या टोकाला बारीक तंगूस आणि तंगुसाला तो पिसाचा मासा. पाण्यात पडला की डाव्या हाताने दोरी झटके देत ओढायची, म्हणजे भेदरलेली मासोळी पळाल्यासारखी दिसते. मोठा मासा फसतो. फ्लाय म्हणजे माशी. गोड्या पाण्यातल्या माशांना खरोखर माशीसारखे दिसणारे गळ दाखवतात, तेच नाव समुद्रातही राहिले.

ही विद्या फार जुनी आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे, की मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसे बांधतात आणि नदीतले मासे धरतात. आपल्या देशात हा खेळ गोऱ्या साहेबांनी आणला. मद्रास इलाख्यातील हेन्री सलिव्हन थॉमस या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तकच लिहिले. साहेब गळ टाकत असताना त्याचे सामानसुमान डोक्यावरून कोण वाहत असेल, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. आता भाच्यासारखा नोकरदार मुलगा जुनी काठी निम्म्या किमतीत घेऊन तोच खेळ खेळतो. याचे आम्हाला वाईट वाटले नाही. उलट बरेच वाटले.

२२ मार्चला पहाटे आम्ही हर्णै बंदरावर पोचलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग काळा दिसत होता. आमच्या पत्नींना बसच्या प्रवासानेच मळमळते, म्हणून त्या भाच्याच्या घरी राहिल्या. होडी लहानशी, फायबरची, मागे इंजिन लावलेली. तांडेलकाका साठीचे, अंगाने काटक, बोलायला मोजके. पोरीला आधी जाकीट घातले, मगच आत घेतले.

आम्ही विचारले, "काका, भरती केव्हा?"

ते म्हणाले, "आज तिथी कोणती?"

आम्ही पंचांग पाहत नाही. भाच्याने मोबाईलवर पाहून सांगितले, त्रयोदशी.

"मग तेराची पाऊणपट करा, साहेब. तुम्ही हिशेबाचे माणूस."

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. तोंडी गणित केले, पावणेदहा.

"पावणेदहाला भरती पुरी. तोवर खाडीच्या तोंडाशी मासळी आत येणार."

चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. कोणत्याही ज्योतिषाला दक्षिणा न देता कोकणातला अडाणी म्हटला जाणारा माणूस हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. मुहूर्त निराळा आणि हिशेब निराळा, ही गोष्ट आम्ही आता वर्गात मुलांना याच उदाहरणाने समजावतो.

मतलई वारा जमिनीकडून येत होता आणि पाणी जवळजवळ निवांत होते. सुवर्णदुर्गाला वळसा घालून होडी उत्तरेला आंजर्ल्याच्या खाडीकडे निघाली. तेथे जोग नदी समुद्राला मिळते. किनाऱ्याला खारफुटीची झाडे आणि मधेमधे खडक. तांडेलकाकांनी इंजिन बंद केले आणि वल्ह्याने होडी खडकापासून वीसेक हातांवर धरून ठेवली. भाचा पुढे उभा राहिला. दोरी त्याच्या डोक्यावरून मागे-पुढे जाऊ लागली. सूर्य नुकताच वर आला होता. ती दोरी हवेत उलगडताना पाहणे हेच मोठे सुख होते, मासा लागो न लागो. आमच्या हाती काठी दिली तेव्हा मात्र दोरी आमच्याच टोपीत अडकली. मुलगी खुदकन हसली. तिच्या हाती दिली, तर चौथ्या फेकीला तिची दोरी आमच्यापेक्षा दुप्पट लांब गेली! बळाचे काम नाही, थांबण्याचे काम आहे. ते पोरीला लवकर कळले.

आठ वाजायच्या सुमारास भाच्याला पहिला मासा लागला. तांबोशी, किलोभराची, तांबूस रंगाची, दात दाखवणारी. तांडेलकाकांनी ती होडीत घेतली. मासा तळाशी तडफडू लागला. मुलगी एकदम मागे सरली आणि म्हणाली,

"बाबा, आपण दर रविवारी पहिले शील म्हणतो. मग हे काय?"

होडीत कोणी बोलेना. पहिले शील म्हणजे प्राण्याची हत्या करण्यापासून अलिप्त राहण्याचे. ते तिला आम्हीच शिकवले. घरी मासे-मटण शिजते तेव्हा तिने कधी विचारले नव्हते. कारण ते बाजारातून पिशवीत येते. येथे मासा तिच्या पायाशी होता.

आम्ही तिला जे सांगितले ते बाबासाहेबांच्या आधाराने सांगितले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेवर स्वतंत्र विवेचन आहे. बाबासाहेब तेथे मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. केवळ मारण्याची हौस म्हणून मारणे याला बुद्धाचा विरोध होता, असे ते दाखवतात. आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे म्हणतात. नियम पाळायचा असतो. तत्त्व मात्र प्रत्येक वेळी डोके चालवून लावायचे असते.

"मग आपली ही गरज आहे की इच्छा?" तिने विचारले.

पोरगी आमची, सोडणार कशी! आम्ही म्हणालो, "आज दुपारी पाच माणसे जेवणार. काका आपल्यासोबत जेवतील. दोन मासे पुरेत. दोन झाले की काठी खाली."

भाच्याचा चेहरा उतरला. त्याने दिवसभराची रजा टाकली होती, होडीचे भाडे भरले होते. तो म्हणाला, "मामा, मी मासे मारतच नाही. पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला की जखमही फार होत नाही. याहून मोठी अहिंसा कोणती?"

हा त्याचा मुद्दा सोपा नाही. अमेरिकेत ली वुल्फ या नामांकित गळवाल्याने १९३९ साली असे मांडले, की चांगला झुंजणारा मासा एकदाच पकडून संपवावा इतका स्वस्त नाही. तेव्हापासून पकडून सोडणे हाच या छंदाचा सद्गुण मानला गेला. याच्या नेमके उलट स्वित्झर्लंडमध्ये. तेथे सोडून देण्याच्या हेतूनेच मासा पकडायला कायद्याने मनाई आहे. खायचा असेल तर धरा; खेळण्यासाठी म्हणून प्राण्याला यातना देऊ नका, असा तेथला विचार. आणि यातना होतात काय? २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या तोंडाशी इजेची जाणीव पोचवणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. त्याआधी बहुतेकांची समजूत अशी, की माशाला काही कळत नाही. दुसऱ्याला काही कळत नाही अशी समजूत करून घेणे किती सोयीचे असते, ते आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

आमचे मत त्या होडीत असे झाले, की या बाबतीत स्विस माणूस बाबासाहेबांच्या अधिक जवळ उभा आहे. भाच्याला ते पटले नाही. तो म्हणाला, "मग तव्यावर टाकलेला मासा सुखी आणि मी सोडलेला दुःखी, असे म्हणा!" मुलगी खो-खो हसली. आम्हालाही हसू आले.

तासाभराने दुसरी तांबोशी आली. ठरल्याप्रमाणे काठी खाली ठेवायची. भाचा म्हणाला, "शेवटची एक फेक." ती आम्ही दिली. भरती पुरी होत आली होती, पाणी खडकाच्या कडेला फेस न करता चढत होते. त्याने पांढरे पीस अगदी कडेला टाकले, दोन झटके दिले आणि दोरी ताणली गेली ती सुटेचना. चक्रीवरून दोरी सरसर जाऊ लागली. तांडेलकाका पहिल्यांदाच उभे राहिले. "जिताडा हाय! ढील द्या, ढील द्या!"

पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. मासा एकदा पाण्याबाहेर आला, तोंड उघडून डोके झाडले आणि पुन्हा खाली गेला. भाच्याचे हात थरथरत होते. शेवटी काकांनी त्याला जाळीच्या पिशवीत घेतले. रुपेरी, रुंद, सात किलोंच्या आसपासचा जिताडा.

आता खरा पेच. भाचा म्हणाला, "फोटो काढा लवकर, सोडायचा आहे." मुलगी म्हणाली, "सोडा, सोडा!" आणि तांडेलकाका काहीच बोलले नाहीत, फक्त त्यांचा हात जाळीच्या कडेवरून हलला नाही.

भाच्याने वाचलेले सांगितले आणि ते खरे आहे: जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे एवढा मोठा जिताडा बहुधा मादी. ती जगली तर पुढे पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशी लाखो अंडी घालेल. "काका, ही मारली तर तुमच्याच पोटावर पाय आहे," तो म्हणाला.

तेव्हा काका बोलले. "साहेब, तुमचं बरोबर आहे. पण वर्षाला अशी एखादीच माझ्या होडीत येते. बाहेर एलईडीचे दिवे लावून एका रात्रीत टनाने ओढतात, त्यांना कोण सांगणार? इंजिनाचा हप्ता या महिन्याचा राहिला आहे."

वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. समुद्रात रात्री झगझगीत दिवे लावले की मासळी उजेडाला जमते आणि मग मोठ्या जाळ्याने लहान-मोठी सगळी एकदम उचलतात. केंद्राने २०१७ साली अशा मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून दंड वाढवले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केले, तेही पापलेट कमी होत चालले म्हणूनच. कागदावर सगळे आहे. काकांचे म्हणणे, दिवे अजून दिसतात.

मासा जाळीत होता. वेळ थोडा होता. भाचा आमच्याकडे पाहू लागला, मुलगीही. आम्ही म्हणालो, "मासा काकांचा."

भाचा म्हणाला, "भाडे मी दिले आहे, मामा."

"भाडे होडीचे दिलेस. दर्याचे नाही."

हे थोडे कठोर झाले असेल, पण आम्ही तेच म्हणालो आणि आजही तेच म्हणू. आमच्यापैकी तिघांना तो मासा नको होता, चौथ्याला तो हवा होता, आणि हवा होता तो हौसेसाठी नव्हे. सोडून देण्याचे पुण्य आम्ही घ्यायचे आणि हप्ता काकांनी भरायचा, हा व्यवहार आमच्या हिशेबात बसत नव्हता. काकांनी लाकडी दांड्याचा एकच घाव माशाच्या डोक्यात घातला. तडफड झाली नाही. मुलीने तोंड फिरवले होते; पण घाव बसल्यावर तिने वळून पाहिले, हे आम्ही पाहिले.

दहाच्या पुढे वारा फिरला, समुद्राकडून येऊ लागला. पिसाची दोरी त्या वाऱ्यात फेकता येत नाही. आम्ही परतलो. काकांच्या घरी त्यांच्या सूनबाईंनी तांबोशीचे कालवण केले, सोबत तांदळाची भाकरी. आमच्या पत्नींनाही भाच्याने दापोलीहून आणले. वऱ्हाडी माणसाला ज्वारीच्या भाकरीची सवय, पण त्या दिवशी आम्ही तिसरी भाकरी मागून घेतली. मुलगी आधी नुसता रस्सा घेते म्हणाली. नंतर एक तुकडा खाल्ला.

संध्याकाळी हर्णैचा लिलाव पाहिला. ओल्या वाळूवर माशांचे ढीग, बैलगाड्या थेट पाण्यात जाऊन होड्यांवरून मासळी उतरवून घेतात, आणि बोली लावण्यात बाया पुरुषांना ऐकत नाहीत. जिताडा साडेचार हजाराला गेला. काकांनी पैसे दोनदा मोजले आणि पाचशेची एक नोट भाच्यापुढे धरली. भाच्याने घेतली नाही. मग काका म्हणाले, "पुढच्या खेपेला भाडं नको." भाचा हसला तेव्हा कुठे आमच्या जिवाला बरे वाटले. रात्री त्याने काठी, चक्री, दोरी गोड्या पाण्याने स्वच्छ धुतली. खाऱ्या पाण्याने धातू खातो म्हणे. मुलगी शेजारी बसून पिसे पुसत होती. दोघे काही बोलत होते, आम्ही ऐकले नाही.

मेडशीला परत आल्यावर पुढच्या रविवारी तिने ही सगळी हकीकत वर्गात सांगितली. आम्ही मधे बोललो नाही. सांगून झाल्यावर तिने मुलांना विचारले, जिताडा सोडायला हवा होता की काकांना द्यायला हवा होता? सतरा मुले होती. नऊ हात काकांच्या बाजूने वर झाले, आठ सोडण्याच्या. तिचा स्वतःचा हात सोडण्याच्या बाजूला होता. एका मुलाने विचारले, काकांचा हप्ता भरलेला असता तर? दुसरी मुलगी म्हणाली, गरज आहे असे तर दिवेवालेही म्हणतील, त्यांच्याही इंजिनाचे हप्ते असतील. यावर वर्गात जी गडबड झाली ती शांत करायला विहारातल्या आजींना यावे लागले.

या दुसऱ्या मुलीच्या बोलण्याला द्यायचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत. वाचकांनी, विशेषतः घरात मुले असलेल्या माता-भगिनींनी, आपापल्या घरी हा प्रश्न विचारून पाहावा आणि मुलांची उत्तरे या पानाच्या पत्त्यावर कळवावीत. आमच्या वर्गात ती मोठ्याने वाचून दाखवली जातील.